मूळ आणि मूळपद: रूट केलेला फोन पहिल्यासारखा होतो का?



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यांनी आम्हांला दाराशी थांबवलं आणि विचारलं, "सर, फोन रूट केला आणि नंतर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं, तर तो फोन पहिल्यासारखाच झाला असं म्हणायचं का?" प्रश्न खरं तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात विचारण्याचा. पण त्यातला 'पहिल्यासारखा' हा शब्द आम्हांला घरी पोचेपर्यंत सोडेना. आजचं व्याख्यान त्या एका शब्दाबद्दल आहे. त्यासाठी आधी रूट म्हणजे काय, ते कसं होतं आणि परत कसं फिरवतात, हे नीट समजून घ्यावं लागेल. तत्त्वज्ञान त्यानंतर. यंत्र न समजता त्यावर तत्त्वज्ञान सांगणं ही आमच्या क्षेत्रातली जुनी खोड आहे, ती आज टाळू.

पहिला शब्द 'रूट'. रूट म्हणजे मूळ. युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये जन्माला आली. तिच्यात सगळ्या फायली एका झाडासारख्या मांडलेल्या असतात. गंमत अशी, की हे झाड कागदावर काढतात ते उलटं: मूळ वर आणि फांद्या खाली. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ आठवावा असंच चित्र. या झाडाच्या मुळाशी ज्याचा हक्क चालतो, त्या वापरकर्त्याचं नाव 'रूट'. त्याचा क्रमांक शून्य. बाकी प्रत्येकाला आपापल्या फांदीपुरता अधिकार. शून्य क्रमांकाला कुठेही जाता येतं, काहीही वाचता येतं, काहीही पुसता येतं.

आता अँड्रॉइडकडे या. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि लिनक्सने युनिक्सची ही रीत उचलली आहे. पण अँड्रॉइड करणाऱ्यांनी एक हुशारी केली. जुन्या संगणकावर एकेक वापरकर्ता म्हणजे एकेक माणूस असे. फोनवर माणूस बहुधा एकच. मग त्यांनी प्रत्येक अ‍ॅपलाच एक स्वतंत्र वापरकर्ता ठरवलं. तुम्ही नवीन अ‍ॅप टाकलं की त्याला दहा हजारांच्या पुढचा एक क्रमांक मिळतो आणि स्वतःची एक बंद खोली मिळते. बँकेच्या अ‍ॅपची खोली पत्त्यांच्या खेळाला उघडता येत नाही. खेळाची खोली बँकेला उघडता येत नाही.

एखादी चाळ डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक बिऱ्हाडाकडे आपल्या खोलीची किल्ली. गच्चीची, पाण्याच्या टाकीची आणि मीटरच्या खोलीची किल्ली मात्र एकाकडेच. फोनमध्ये ही शेवटची किल्ली म्हणजे रूट. आता मुद्दा असा, की चाळ तुम्ही विकत घेतली आहे, पावती तुमच्या नावाची आहे, आणि ती किल्ली तुमच्याकडे नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. फ्लॅटचे पैसे भरून वर्षं लोटली तरी बिल्डरने कन्व्हेअन्स करून दिलेलं नसतं, तशातलाच हा प्रकार. फोन तुमचा, मूळ कंपनीकडे.

यात फक्त दुष्टावा आहे असं मात्र समजू नका. २००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला, जी-वन नावाचा. त्यात एक चमत्कारिक चूक राहून गेली होती. कीबोर्डवर जे टाइप कराल ते त्या त्या अ‍ॅपमध्ये तर उमटायचंच, पण त्याच वेळी पडद्यामागे रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या एका आज्ञापेटीतही जायचं. कुणीतरी गप्पा मारताना 'रीबूट' हा शब्द लिहिला आणि फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू झाला. गूगलने ही चूक लगेच दुरुस्त केली. पण विचार करा, मैत्रिणीला पाठवलेल्या निरोपात चुकून फाइल पुसण्याची आज्ञा आली असती तर? मुळाची किल्ली सतत दाराला लावलेली असणं धोक्याचं असतं, हे पहिल्याच फोनने दाखवून दिलं.

मग ही किल्ली राखली कशी जाते? फोनचं बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत काय काय घडतं ते बघू. सगळ्यांत आधी चिपमध्येच कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम चालतो. तो पुढच्या प्रोग्रॅमची, म्हणजे बूटलोडरची, सही तपासतो. सही म्हणजे इथे गणिती मोहोर: कंपनीच्या गुप्त किल्लीशिवाय ती उमटत नाही आणि एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. बूटलोडर मग लिनक्सच्या गाभ्याची मोहोर तपासतो. गाभा सिस्टिमच्या विभागाचे तुकडे वाचता वाचता तपासत जातो. ही झाली विश्वासाची साखळी. अँड्रॉइड ७ पासून ही तपासणी सक्तीची झाली, त्याआधी बरीच ढिलाई होती.

आमच्या विषयाची माणसं इथे लगेच विचारतील: याची खात्री त्याने केली, त्याची कुणी केली? त्याच्याही आधीच्याची? न्यायशास्त्रात याला अनवस्था दोष म्हणतात. कुठेही न थांबणारी मालिका काहीच सिद्ध करत नाही. अभियंत्यांनी मालिका एका जागी थांबवली आहे: चिपमध्ये कोरलेला तो पहिला प्रोग्रॅम. तो बदलता येत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास. लक्षात घ्या, तो खरा आहे हे कुणी सिद्ध केलेलं नाही. तो फक्त बदलता येत नाही. युनिक्सच्या दोन मुख्य कर्त्यांपैकी केन थॉम्पसन यांचं ट्युरिंग पुरस्काराच्या वेळचं भाषण १९८४ मध्ये छापलं गेलं. त्यांनी तिथे नेमकं हेच दाखवलं, की शेवटी आपण प्रोग्रॅमवर विश्वास ठेवतो म्हणजे तो लिहिणाऱ्या माणसांवर ठेवतो.

रूट करणं म्हणजे ही साखळी कुठेतरी तोडणं. त्याचे दोन मार्ग. पहिला मार्ग फटीचा. प्रणालीत एखादी चूक राहिलेली असते, तिच्यातून आत शिरायचं. २०१६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातली 'डर्टी काउ' नावाची फट उघडकीला आली, तिचा उपयोग अँड्रॉइडवर असाच झाला. फटीचा मार्ग सोपा दिसतो, पण ज्या फटीतून तुम्ही शिरता तिच्यातून चोरही शिरू शकतो. शिवाय 'एका टिचकीत रूट' अशा जाहिरातीची अ‍ॅप कुणी लिहिली, ती आत काय ठेवून गेली, हे कळायला मार्ग नसतो. आमचं स्पष्ट मत आहे, त्या वाटेला जाऊ नये.

दुसरा मार्ग दाराचा: बूटलोडर अनलॉक करणं. अनेक कंपन्या याला परवानगी देतात, काही अजिबात देत नाहीत, काही अर्ज करायला लावून वाट पाहायला लावतात. क्रम साधारण असा. सेटिंगमध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. तिथे 'ओईएम अनलॉकिंग' नावाचं बटण चालू करायचं. मग फोन बंद करून बूटलोडरच्या पडद्यात जायचं, केबलने संगणकाला जोडायचं आणि संगणकावरच्या फास्टबूट नावाच्या साधनातून अनलॉकची आज्ञा द्यायची. सॅमसंगमध्ये फास्टबूट नसतं, तिथे डाउनलोड मोड असतो आणि संगणकावर ओडिन नावाचा प्रोग्रॅम वापरतात. फोन पडद्यावर इशारा दाखवून विचारतो: नक्की? तुम्ही आवाजाच्या बटणाने 'हो' म्हणता. त्या क्षणी फोनमधला तुमचा सगळा डेटा पुसला जातो.

हे पुसणं का, ते समजून घ्या, म्हणजे राग येणार नाही. समजा फोन चोरीला गेला. चोराला पासवर्ड माहीत नाही. पण तो बूटलोडर उघडून आपलं सॉफ्टवेअर आत घालू शकला आणि डेटा तसाच राहिला, तर पासवर्डाला अर्थ काय? म्हणून नियम असा: दार उघडायचं तर आधी घर रिकामं होणार. फोनमधल्या फायली मुळात गणिती कुलपात असतात. पुसताना त्या कुलपांच्या किल्ल्या नष्ट केल्या जातात. फायलींचे अवशेष चिपवर कुठे उरले असले तरी ते मग निरर्थक आकडे असतात. जगातला कोणताही दुरुस्तीवाला ते वाचू शकत नाही.

पुढची पायरी प्रत्यक्ष रूटची. हल्ली त्यासाठी बहुतेक मॅजिस्क हे साधन वापरतात. जॉन वू यांनी ते २०१६ मध्ये आणलं. त्याची पद्धत अशी: कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून फोन सुरू करणारी छोटी प्रतिमा, म्हणजे बूट इमेज, काढून घ्यायची, मॅजिस्ककडून तिच्यात भर घालून घ्यायची आणि ती फोनमध्ये परत लिहायची. या लिहिण्याला फ्लॅश करणं म्हणतात. सिस्टिमच्या विभागाला हात लावला जात नाही; बदल दर वेळी फोन सुरू होताना वरून चढवले जातात. त्यानंतर एखाद्या अ‍ॅपने रूट मागितलं की मॅजिस्क तुम्हांला विचारतं, द्यायचं का? मागण्याच्या त्या आज्ञेचं नाव 'एसयू'. १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत ती आज्ञा आहे. म्हणजे तुमच्या खिशातली ही आज्ञा आज हयात असलेल्या अनेकांहून वयाने मोठी आहे.

आता एक घरची गोष्ट सांगतो, कारण आजचा प्रश्न आम्हांला तिथून कळला.

आमच्या गुरुजींची एक वही होती. तर्कसंग्रह शिकवताना त्यांनी समासात लिहिलेल्या टिपा, सुमारे दीडशे पानं. २०१९ मध्ये त्यांच्या घरच्यांनी ती आम्हांला महिनाभर दिली. आम्ही फोनवरच्या एका स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपने पानन् पान टिपून घेतलं आणि वही चिपळूणला परत पोचवली. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला. त्यात ती वही गेली. फोनमध्ये प्रत आहे, या विचाराने आम्ही त्या वेळी घरच्यांना धीरही दिला.

पुढच्या वर्षी फोन रखडायला लागला. अपडेट येणं बंद झालेलं होतं, कंपनीने आधीच भरून दिलेली अ‍ॅप निघत नव्हती. इमारतीतला इंजिनिअरिंगचा एक मुलगा म्हणाला, "आजोबा, रूट करून टाकू." तो भला मुलगा. त्याने आधी सांगितलं, सगळं पुसलं जाईल, बॅकअप घ्या. आम्ही घेतला. कॅमेऱ्याचे फोटो, संपर्क, कागदपत्रं, सगळं संगणकावर उतरवलं. वहीची पानं मात्र कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये नव्हती. ती त्या स्कॅन अ‍ॅपच्या बंद खोलीत होती. केबल लावल्यावर ती खोली दिसतच नाही. पडद्यावर इशारा आला, आणि 'हो' चं बटण आम्हीच दाबलं.

इथे एक विचित्र पेच आहे, तो लक्षात घेण्यासारखा आहे. अ‍ॅपच्या खोलीत बाहेरून शिरून थेट प्रत घ्यायची तर रूट हवं. आणि रूट मिळवायचं तर आधी ती खोली पुसली जाणार. या पेचातून वाट एकच: अ‍ॅप उघडून, त्याच्याच 'शेअर' किंवा 'एक्स्पोर्ट' च्या दाराने एकेक वस्तू बाहेर काढायची. दहा मिनिटांचं काम होतं. बॅकअप घेताना 'माझ्या फायली कुठे आहेत' असं न विचारता 'माझं कोणतं काम कोणत्या अ‍ॅपमध्ये आहे' असं विचारायचं असतं. आम्ही चुकीचा प्रश्न विचारला.

त्यात आणखी भर म्हणजे ज्यासाठी हे केलं ते साधलंही नाही. सिस्टिमच्या विभागातली अ‍ॅप काढून आपल्या साठ्याची जागा फारशी वाढत नाही, कारण विभागच वेगळे असतात. नको असलेली बरीचशी अ‍ॅप रूट न करताही बंद ठेवता येतात. आणि बँकेचं अ‍ॅप चालेना. रूट झालेल्या फोनवर एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येऊ शकतं, म्हणून बँकांची आणि पैसे पाठवण्याची पुष्कळ अ‍ॅप असा फोन ओळखून काम नाकारतात. गूगलची प्ले इंटेग्रिटी नावाची सेवा त्यांना फोनच्या साखळीची खबर देते. चकवण्याचे उपाय असतात, ते काही दिवस चालतात, मग बंद पडतात. पेन्शनचे पैसे ज्या अ‍ॅपवर बघायचे त्याच्याशी आम्हांला असा लपंडाव नको होता. म्हणून परत फिरायचं ठरलं.

परत फिरण्याबद्दल पहिला गैरसमज दूर करू. 'फॅक्टरी रीसेट' केला की फोन कारखान्यातून आला तसा होतो, असं नावावरून वाटतं. तसं होत नाही. रीसेट फक्त तुमच्या डेटाचा विभाग पुसतो. बूट इमेजमध्ये केलेला बदल तसाच राहतो. म्हणजे रूट केलेल्या फोनचा रीसेट केला तर काय मिळतं? रिकामा फोन, ज्याची साखळी अजून तुटलेलीच आहे. मूळपदावर यायचं तर मूळ सॉफ्टवेअर पुन्हा लिहावं लागतं.

त्याची रीत सांगतो, क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं, बॅकअप, या वेळी अ‍ॅपगणिक. दुसरं, फोनचा नेमका मॉडेल क्रमांक सेटिंगमधून लिहून घ्यायचा. बाजारातलं नाव एकच असलं तरी भारतासाठीचा आणि युरोपसाठीचा फोन आतून वेगळा असू शकतो. तिसरं, त्याच मॉडेलचं पूर्ण सॉफ्टवेअर मिळवायचं, शक्यतो कंपनीकडूनच. गूगल आपल्या पिक्सेल फोनांसाठी फॅक्टरी इमेज उघडपणे ठेवतं आणि ब्राउझरमधून चालणारं फ्लॅशचं साधनही देतं. चौथं, बॅटरी पुरेशी भरलेली आणि केबल धड हवी, कारण लिहिणं अर्ध्यावर तुटलं तर फोन सुरू होण्यापलीकडे जाऊ शकतो. पाचवं, सगळे विभाग लिहून फोन सुरू करून बघायचा. सॅमसंगच्या ओडिनमध्ये सीएससी आणि होम सीएससी अशा दोन फायली दिसतात: पहिली डेटा पुसते, दुसरी ठेवते. मूळपदावर यायचं तर पहिली.

आणि सहावं, सगळ्यांत शेवटी, बूटलोडर पुन्हा लॉक करायचा. हा क्रम कधीही उलटा करू नका. आत बदललेलं सॉफ्टवेअर असताना दार लावलं, तर साखळी तपासणारा बूटलोडर मोहोर जुळत नाही म्हणून फोन सुरू करायला नकार देतो, आणि दार लावलेलं असल्यामुळे तुम्हांलाही काही लिहिता येत नाही. फोन वीट होतो. लोक त्याला 'ब्रिक' झाला म्हणतात, ते याच अर्थाने. लॉक करतानाही डेटा पुन्हा एकदा पुसला जातो, हेही ध्यानात ठेवा.

दोन सावधगिऱ्या आणखी. जुनं सॉफ्टवेअर नेहमीच चालेल असं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पिक्सेल ६ ला अँड्रॉइड १३ आलं, तेव्हा फोनने एक अंतर्गत आकडा पुढे सरकवला. त्यानंतर त्या फोनवर अँड्रॉइड १२ चा जुना बूटलोडर चालत नाही. जुन्यात सापडलेली फट पुन्हा उघडू नये म्हणून हे केलेलं असतं. दुसरं, प्रत्येक फोनमध्ये त्याच्यापुरते खास असे काही विभाग असतात: आयएमईआयशी आणि रेडिओच्या मापांशी संबंधित. ते कोणत्याही डाउनलोडमध्ये मिळत नाहीत, कारण ते त्या एकाच फोनचे असतात. ते बिघडले तर मूळ सॉफ्टवेअर टाकूनही नेटवर्क येत नाही. आणि आयएमईआय बदलण्याच्या फंदात कुणी पडू नये. भारतात २०१७ च्या नियमांपासून तो स्पष्ट गुन्हा आहे.

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. हे सगळं नीट केलं, फोन लॉक झाला, बँकेचं अ‍ॅप चालू लागलं. तो पहिल्यासारखा झाला का?

वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार केले. त्यातले दोन आपल्याला हवेत. घडा घडवण्याआधी मातीत घडा नसतो, तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे: घडा झाला की तो संपतो. घडा फुटल्यावरही घडा नसतो, तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, पण शेवट नाही. दोन्ही वेळा घडा नाहीच. पण नसणं आणि नसणं यांत फरक आहे. तुम्ही दुसरा घडा घडवलात तरी फुटलेल्याचा ध्वंस तसाच राहतो.

न रूटलेल्या फोनमध्ये रूट नाही आणि परत फिरवलेल्या फोनमध्येही नाही. पहिला प्रागभाव, दुसरा प्रध्वंसाभाव. 'हा शब्दच्छल झाला, प्रत्यक्षात फरक काय?' असं कुणी म्हणेल. सॉफ्टवेअरपुरतं ते बरोबरही आहे. परत लिहिलेली इमेज आधीच्या इमेजशी बिट बिट जुळते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत प्रत आणि अस्सल हा भेद उरत नाही. म्हणून त्या थरावर उत्तर निःसंशय 'हो' आहे.

पण फोन म्हणजे फक्त ते नाही. काही थर असे आहेत की जिथे इतिहास मुद्दाम नोंदवला जातो. सॅमसंगच्या नॉक्स असलेल्या फोनांत एक विद्युत फ्यूज असतो. परकी इमेज चढली की तो जळतो, शून्याचा एक होतो. पुढे मूळ सॉफ्टवेअर कितीही शुद्ध टाका, तो पुन्हा शून्य होत नाही आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर परत येत नाहीत. सोनीच्या काही जुन्या एक्स्पिरिया फोनांत अनलॉक करताच काही किल्ल्या पुसल्या जात आणि कॅमेऱ्याची कमी उजेडातली प्रत घसरे. अभियंत्यांनी तर्कसंग्रह वाचला नसेल, पण प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव वेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांनी चिपमध्ये एक खूण करून ठेवली, असंच म्हणावं लागतं. भट्टीत भाजलेला घडा पुन्हा कच्चा होत नाही.

आणि तिसरा थर तुमच्या डेटाचा. तिथे तर ध्वंस पूर्ण आहे. आम्ही हा विषय तीस वर्षं वर्गात शिकवला. प्रध्वंसाभाव सादी आहे आणि अनंत आहे, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. तो फोन पुन्हा सुरू झाला, स्वच्छ, चकचकीत, कारखान्यातून आल्यासारखा, आणि आम्ही त्यात स्कॅनचं अ‍ॅप पुन्हा टाकून उघडलं. आत काही नव्हतं. टाकण्याआधीही नसतंच, पण हे नसणं ते नव्हे. चिपळूणला फोन करून ते सांगायला आम्हांला आठवडा लागला.

मग रूट करूच नये का? आम्ही असं म्हणणार नाही. विकत घेतलेल्या वस्तूच्या मुळापर्यंत जाण्याचा हक्क ही साधी मागणी आहे. अमेरिकेत २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या फोनचं कुलूप असं उघडण्याला कॉपीराइट कायद्यातून सूट दिली, ती याच विचाराने. चांगला चालणारा फोन निव्वळ अपडेट थांबले म्हणून कचऱ्यात जातो, हेही योग्य नाही. पण त्यासाठी रूट लागतंच असं नाही. बूटलोडर उघडून लिनिएजओएससारखी स्वतंत्र प्रणाली टाकता येते. ती जुन्या फोनांना सुरक्षेची दुरुस्ती देत राहते आणि तिला रूट असावंच लागत नाही. परिस्थितीही बदलते आहे. पिक्सेल ८ पासून गूगलने आणि गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंगने त्या मालिकांना सात वर्षं अपडेटचं वचन दिलं. युरोपीय संघात जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट देण्याचं बंधन आलं. हे होत गेलं तर किल्ली मागण्याची अर्धी कारणं उरणार नाहीत.

आमचा सल्ला एवढाच. ज्या फोनवर बँक आणि आठवणी आहेत, त्याचं मूळ हलवू नका. शिकायचं असेल तर जुना, रिकामा फोन घ्या आणि मनसोक्त शिका. हाताने केल्याशिवाय ही साखळी समजत नाही. आणि पडद्यावर 'नक्की?' असं आलं की पाच मिनिटं थांबा.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, बूटलोडर उघडा आहे हे जुना फोन विकत घेताना कसं ओळखावं?
उत्तर: फोन बंद करून समोर सुरू करायला सांगा. उघडा असेल तर बहुतेक फोन सुरू होताना इशाऱ्याचा पडदा दाखवतात. सॅमसंगमध्ये डाउनलोड मोडच्या पडद्यावर नॉक्सच्या ओळीत शून्य आहे की एक, ते बघा. एक असेल तर त्या फोनला इतिहास आहे. वाईट असेलच असं नाही, पण विचारून घ्या.

प्रश्न: परत फिरवलेल्या फोनवर आपण स्वतः विश्वास ठेवता का?
उत्तर: आम्ही स्वतः बसून, कंपनीची इमेज लिहून, शेवटी लॉक केला असेल तर ठेवतो. साखळी पुन्हा जुळली आहे का, हे लॉक झालेला बूटलोडर दर वेळी तपासतो. बाजारातून आलेला 'अनरूट करून दिलाय' असा फोन असेल तर पुन्हा एकदा सगळं लिहूनच वापरू.

प्रश्न: त्या वहीचं पुढे काय झालं?
उत्तर: गुरुजींच्या दोन विद्यार्थ्यांकडे त्यांच्या स्वतःच्या वर्गटिपा निघाल्या. त्यांवरून आम्ही जुळवतो आहोत. चाळीसेक पानांचा मजकूर हाती लागला आहे. ती वही नव्हे ती, हे आम्हांला कळतं. पण मजकूर त्यांचा आहे. या वेळी त्याच्या तीन प्रती आहेत, आणि त्यांतली एक कागदावर.